पॅलेट टाऊन: ह्याला गाव म्हणायचं का?

पारसिकपायथा

पोकेमॉन, म्हणजे त्याच नावाचे काल्पनिक प्राणी पकडून पाळायचे आणि लढवायचे तो जपानी गेम आणि त्यावरचं कार्टून. ते बघून किंवा खेळून मोठे झालेल्या सगळ्यांना प्रश्न. नायकाचा प्रवास जिथून सुरू होतो ते पॅलेट टाऊन, म्हणजे जपान्यांचं मसारा टाऊन, ह्याला तुम्ही गाव म्हणाल का?

२७ फेब्रुवारी १९९६ ला जपानात गेमबॉय ह्या हातात धरायच्या गेमयंत्रावर पोकेमॉनचे पहिले गेम 'रेड' आणि 'ग्रीन' आले. त्यातल्या पॅलेटमध्ये इमारती तीन. आपलं घर, प्रतिस्पर्ध्याचं घर आणि पोकेमॉनचा अभ्यास करणाऱ्या प्रोफेसर ओकची प्रयोगशाळा. दुकान नाही, पोकेमॉन सेंटर (त्यांचा दवाखाना) नाही, जिम (पोकेमॉनच्या लढती होतात ती जागा) नाही. बाहेर दोन माणसं फिरत असतात. एक मुलगी म्हणते की मीही पोकेमॉन वाढवतेय, मोठे झाले की माझं रक्षण करतील. दुसरा एक जाडा गृहस्थ, संगणकात पोकेमॉन साठवता येतात ह्याचंच त्याला अप्रूप. वीस वेळा जाऊन बोला, तेच वाक्य. घरात टीव्ही आहे, त्यावर कायम एकच सिनेमा, चार पोरं रेल्वेच्या रुळांवरून चाललीयेत. म्हणजे टीव्हीसुद्धा 'निघ आता' असंच सांगतो.

माझं म्हणणं असं की हे गाव राहण्यासाठी बनवलेलंच नाही. कार्टूनमध्ये त्याला टेकड्या, शेतं, बरीच घरं दिली खरी, पण तिथेही गोष्ट गावात थांबत नाही. पहिल्याच भागात नायक ॲश उशिरा उठतो, रात्रीच्या कपड्यांत धावत सुटतो आणि भाग संपेपर्यंत गावाबाहेर असतो. उरलेल्यांचं काय? ते पोट कशावर भरतात? शाळा कुठे आहे? ज्यांनी बारकाईने बघितलंय त्यांनी लिहा.

गावठाण_घणसोली

दादा, एकदम आमच्या विषयाला हात घातलात.

मी गावठाणातच वाढलो. २००३ च्या सुमारास कार्टून नेटवर्कवर हिंदीत पोकेमॉन लागायला लागलं तेव्हा आमच्या ओटीवर टीव्हीसमोर आळीतली सगळी पोरं. आजी मागे कोळंबी सोलत बसलेली असायची. तिने एकदा पॅलेट बघितलं आणि म्हणाली, "यो कसला गाव? देऊल नाय न् होरी नाय."

आजीचा मुद्दा खोडून दाखवा! गेमचा नकाशा काढून बघा, पॅलेटच्या दक्षिणेला थेट पाणी आहे. रूट २१ नावाचा समुद्रमार्ग तिथूनच सुरू होतो आणि सिनाबार बेटाला लागतो. म्हणजे गाव काठावरचं. पण जेट्टी नाही, एक होडी नाही, जाळं वाळत घातलेलं नाही, सुकटीचा वास तर सोडाच. पाण्यातून जायचं तर पोकेमॉनच्या पाठीवर बसून. काठावरच्या गावाला पाण्याचं काहीच सोयरसुतक नाही हे मला अजून पटत नाही. दिवाळे, सारसोळे, करावे, आमचं घणसोली, ह्यातलं कुठलंही गाव घ्या. खाडी काढून टाकली तर गावाची अर्धी भाषा जाईल.

शिवाय सण नाही. जत्रा नाही. कुणाचं कुणाशी भांडण नाही. बांधावरून वाद नसलेलं गाव मी तरी पाहिलं नाही.

निवांत_नौपाडा

लहान मुलांच्या कार्टूनमधल्या गावाची ग्रामपंचायत शोधताय. चालू द्या. मी चहा घेऊन बसलोय.

कोपरीचा_कप्तान

नौपाडाकाका, बसा. लांबण लावणार आहे.

आधी तीन इमारतींचं. जपानी 'रेड' आणि 'ग्रीन' ज्या काडतुसात, म्हणजे गेमबॉयमध्ये खोचायच्या डबीत, बसवले त्याची जागा ५१२ किलोबाइट. गेममधला अख्खा कांतो प्रदेश, दीडशेच्या वर पोकेमॉन, सगळं संगीत, सगळी माणसं त्यात. व्हॉट्सॲपवर सकाळी येणारा एक सुप्रभाताचा फोटोसुद्धा ह्याहून जड असू शकतो. पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा आणि रंगाच्या चार छटा. तिथे देऊळ आणि जेट्टी मागणं म्हणजे जरा जास्तच होतंय, घणसोलीकर.

पण एवढ्याशा जागेत त्यांनी जे केलंय ते बघा. पॅलेटमधून उत्तरेला रूट १ निघतो, विरिडियन सिटीला जातो. पहिल्यांदा जाताना गवतातून जावंच लागतं. रट्टाटा आणि पिजी सोडून दुसरं काही भेटत नाही, पण हातातला पोकेमॉन पाचव्या लेव्हलचा, त्यामुळे जीव मुठीत. विरिडियनच्या दुकानात पोचलात की दुकानदार म्हणतो, पॅलेटचेच ना तुम्ही, ओक साहेबांचं पार्सल आलंय, तेवढं घेऊन जा. आता परत फिरा. रूट १ वर जागोजागी छोटे बांध आहेत, त्यांवरून उडी फक्त दक्षिणेकडे मारता येते. वर जाताना तेच बांध आडवे येतात, खाली येताना उड्या मारत गवत जवळजवळ पूर्ण टाळून घरी पोचता येतं. लहानपणी मला ते नुसतं सोयीचं वाटायचं. नंतर कळलं की कुणीतरी बसून ठरवलंय, ह्या गावातून निघायला वेळ लागला पाहिजे आणि परत यायला लागता कामा नये.

पार्सल दिलं की पोकेडेक्स (पोकेमॉनची नोंद ठेवणारं यंत्र) मिळतो. प्रदेशाचा नकाशा प्रतिस्पर्ध्याच्या बहिणीकडून, तिच्या घरी जाऊन मागावा लागतो. आणि सेंटर नसलं म्हणून काय झालं, आपल्या आईशी बोललं की सगळे पोकेमॉन ठणठणीत. दुकान, दवाखाना, कचेरी, सगळं शेजारीपाजारीच उरकतं. ह्याला गाव नाही तर काय म्हणायचं?

ऐरोलीची_ताई

कप्तान, बांधांचं वाचून मजा आली. माझा मुद्दा कार्टूनमधल्या आईचा.

सगळे ॲश आणि त्याचा पोकेमॉन पिकाचू ह्यांच्यावर बोलतात, त्याच्या आईवर, डीलियावर कोण बोलतं? नवरा आहे म्हणे, पण त्याचा चेहरा इतक्या वर्षांत एकदाही दाखवला नाही. दहा वर्षांचा मुलगा घर सोडून निघालाय आणि ही बाई पिशवी भरून हजर. त्यात कपडे, खाऊ आणि चक्क भांडी-कपडे धुवायचे रबरी हातमोजे. आणि गोष्टीत पहिल्यांदा कामाला काय येतं? तेच हातमोजे. पिकाचू शॉक देतोय म्हणून ॲश तेच घालून त्याला दोरीने ओढत नेतो. प्रोफेसरांनी दिलेलं महागाचं यंत्र एकीकडे आणि आईने मोरीतून उचलून दिलेली वस्तू एकीकडे.

पुढे फोनवर काय विचारते, तर रोज चड्डी बदलतोस ना. सगळ्यांसमोर! हा प्रश्न लिहिणाऱ्याच्या घरी नक्की आई होती.

मग मुलगा नसताना ती काय करते? बागकाम. आणि मिस्टर माइम नावाचा पोकेमॉन घरीच राहायला येतो, तो झाडू मारतो, घर आवरतो. पारसिकपायथा, तुम्ही विचारलंत ना उरलेल्यांचं काय, तर उरलेली ही. दर लीग, म्हणजे मोठी स्पर्धा, संपली की मुलगा घरी येतो, जेवतो, झोपतो, टोपी बदलतो आणि नव्या प्रदेशाला निघतो. परदेशी असलेल्या मुलांच्या आया आमच्या सोसायटीत आहेत, त्यांचं वेळापत्रक ह्याहून फार वेगळं नाही.

पारसिकपायथा

ताई, हातमोजे मस्त पकडलेत. पण बघा, तुमच्या उदाहरणातही डीलिया दिसते ती मुलगा आल्यावर किंवा त्याचा फोन आल्यावर. तिचा मंगळवारचा दिवस कसा जातो हे आपल्याला माहीत नाही. एकाच दिवशी त्या गावातून चार पोरं निघतात, ॲश, त्याचा प्रतिस्पर्धी गॅरी आणि आणखी दोघं. गॅरीच्या मागे तर उघडी गाडी आणि जयजयकार करणाऱ्या मुली. दुसऱ्या दिवशी सकाळी गावात काय वातावरण असेल? ते कुणीच दाखवत नाही. जाणाऱ्याच्या पाठीवर कॅमेरा बांधलाय.

येऊरचा_भुंगा

ह्याचं उत्तर ज्याने हे बनवलं त्याच्या बालपणात आहे.

सातोशी ताजिरी, जन्म १९६५, वाढला टोकियोच्या पश्चिमेच्या माचिदा भागात. तेव्हा तिथे भातशेती, तळी, झाडी होती. पोरगा दिवसभर किडे पकडायचा, इतका की मित्र त्याला 'डॉक्टर किडा' म्हणायचे. मग टोकियो पसरत गेलं, शेतं आणि तळी बुजवून इमारती आल्या. किडे गेले तसा हा व्हिडिओ गेमच्या दुकानांत जाऊन बसायला लागला. १९८३ मध्ये 'गेम फ्रीक' नावाचं स्वतःचं हस्तलिखितवजा मासिक काढलं, १९८९ मध्ये त्याच नावाची कंपनी. दोन गेमबॉय जोडायची वायर बघून त्याच्या डोक्यात आलं की ह्या वायरीतून किडे इकडून तिकडे चालत जातील. पोकेमॉनची अदलाबदल तिथून आली. आणि कार्टूनच्या नायकाचं जपानी नाव काय? सातोशी. गॅरीचं शिगेरू, निन्टेंडोच्या गेमकर्त्या शिगेरू मियामोतोवरून.

म्हणजे पॅलेट ही त्याच्या डोक्यातली बुजवण्याआधीची माचिदा आहे. पोराच्या नजरेतलं गाव असंच असतं. माझं घर, दोस्ताचं घर, तो विचित्र म्हातारा शास्त्रज्ञ राहतो ती इमारत, आणि त्यापुढे गवत, जिथे जायचं नाही असं सांगितलेलं असतं. ग्रामपंचायत आठ वर्षांच्या मुलाला दिसत नाही. होडीसुद्धा, तिच्यावर चढायला मिळत नसेल तर.

थोडं किड्यांबद्दल, राहवत नाही म्हणून. कॅटरपी आठवतो? विरिडियनच्या जंगलातली हिरवी अळी, डोक्यावर लाल दुभागलेलं शिंग, त्यातून घाण वास सोडते. ते काल्पनिक नाही. तुमच्या गॅलरीत कढीपत्त्याची कुंडी असेल तर पावसाळ्यात पानं उलटून बघा. कॉमन मॉर्मन फुलपाखराची अळी मिळेल. सुरुवातीला ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी काळी-पांढरी दिसते, मोठी झाली की हिरवीगार, पुढच्या भागावर खोटे डोळे. काडीने हळूच डिवचा. डोक्यामागून लाल, ओलसर, दोन टोकांचं शिंग बाहेर येतं आणि सडक्या लिंबासारखा वास सुटतो. पाच-सहा सेकंदांत आत. माझ्याकडे घोडबंदरच्या चौदाव्या मजल्यावर येतात, कुठून येतात देव जाणे. पोरांना घेऊन ओवळेकर वाडीला जा, येऊरला जा, ब्लू मॉर्मन दिसेल, २०१५ पासून आपलं राज्य फुलपाखरू आहे ते.

गावठाण_घणसोली

भुंगासाहेब, माहिती एक नंबर. अळी आज संध्याकाळीच शोधतो.

पण तुमच्या सांगण्यातून मला उलटंच दिसलं. ताजिरीचं गाव बुजलं, त्याने ते गेममध्ये परत उभं केलं, बरोबर? मग त्यात बुजवणारा का नाही? अख्ख्या कांतोत सिल्फ कंपनीचा टॉवर आहे, कॅसिनो आहे, वीज केंद्र आहे, आणि पॅलेटकडे कुणाची नजर वळत नाही. १९९६ च्या गेममध्ये तीन घरं, १९९९ च्या 'गोल्ड-सिल्व्हर'मध्ये गोष्टीतली तीन वर्षं उलटली तरी तीनच घरं, २००४ च्या नव्या आवृत्तीत पुन्हा तीन. एक मजला चढला नाही!

आमच्याकडे १९७० मध्ये नवी मुंबई वसवायला सिडको आली, ९५ गावांची जमीन संपादनात गेली. १९८४ चं जासईचं आंदोलन घरातल्या मोठ्यांच्या तोंडून ऐकत वाढलो, गेलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित जमीन त्यातून मिळाली. गाव गेलं नाही, गाव मध्ये अडकलं. चहूबाजूंनी सेक्टर आणि मध्ये आमची गल्ली, जिथे दोन बाइक समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागतं. घर वाढलं ते आडवं नाही, उभं. त्यामुळे पॅलेट बघताना मला गोड वाटत नाही, हेवा वाटतो. कुणी मोजणीला आलंच नाही तिथे.

कोपरीचा_कप्तान

मोजणी नाही, पण ज्वालामुखी आला होता. 'गोल्ड-सिल्व्हर'मध्ये पॅलेटहून दक्षिणेला सर्फ करत, म्हणजे पोकेमॉनच्या पाठीवर बसून, जा. सिनाबार बेटावरचं सगळं गाव, जिम, प्रयोगशाळा, लाव्ह्याखाली. फक्त एक पोकेमॉन सेंटर उभं आहे. जिमचा मालक ब्लेन शेजारच्या सीफोम बेटांवर गुहेत जाऊन बसलाय.

कांतोचा नकाशा जपानच्या खऱ्या कांतोवर ठेवला तर पॅलेट इझू द्वीपकल्पाच्या आसपास पडतं आणि सिनाबारच्या जागी इझू ओशिमा बेट येतं. त्या बेटावर खरोखरच ज्वालामुखी आहे. नोव्हेंबर १९८६ मध्ये स्फोट झाला तेव्हा सगळं बेट बोटींनी रिकामं केलं होतं. म्हणजे घणसोलीकर, तुमच्या आजीला हवी असलेली होडी खऱ्या इझूत होती आणि नेमकी वेळेला उपयोगी पडली.

मासेमारीचंही सांगतो. पॅलेटच्या पाण्यात गळ टाकता येतो. 'रेड-ग्रीन'मध्ये जुना गळ असेल तर कुठल्याही पाण्यात टाका, मॅजिकार्प नावाचा मासाच लागणार. नुसता फडफडणारा, बिनकामाचा.

गावठाण_घणसोली

म्हणून कोळी नाहीत तिथे. जिताडा लागत असता तर बघितलं असतं.

तलावपाळी_भटक्या

पोकेमॉन गो, म्हणजे मोबाइल घेऊन खऱ्या रस्त्यांवर फिरत खेळायचा गेम, त्याचं कुणी काढलं नाही अजून! जुलै २०१६ मध्ये गेम बाहेर आला, भारतात अधिकृतपणे डिसेंबरात, रिलायन्स जिओबरोबर. पण तोवर थांबलंय कोण, आडमार्गाने सगळ्यांनी उतरवून घेतला होता. ठाण्यात मासुंदा तलावाला, म्हणजे तलावपाळीला, रात्री अकरा वाजता फेऱ्या मारणारी पोरं बघून पोलीस विचारायचे, काय हरवलंय का.

मूळ मुद्द्याशी संबंध असा. त्यातले पोकेस्टॉप, म्हणजे पोकेमॉन पकडायचे चेंडू (पोकेबॉल) वगैरे सामान मिळायच्या खऱ्या जागा, कुठून आले माहितीये? त्याच कंपनीचा आधीचा 'इन्ग्रेस' नावाचा गेम होता, त्यात खेळणाऱ्यांनी जागांचे फोटो पाठवले होते, पुतळे, देवळं, कारंजी. तीच यादी इकडे वापरली. साहजिकच जिथे स्मार्टफोनवाली रिकामटेकडी पोरं होती तिथे स्टॉप भरपूर. तलावपाळीला बसल्या जागी दोन-तीन हाताला लागायचे. माझी मावशी मुरबाडच्या पुढे राहते, तिच्या गावात एक नाही. हनुमानाचं देऊळ आहे, पार आहे, शाळा आहे, पण नकाशावर नुसतं हिरवं. एवढा सगळा खेळ सुरू होतो गावातून, आणि खऱ्या गावात राहणाऱ्याला पहिला पोकेबॉल भरून घ्यायला एसटीने तालुक्याला जावं लागायचं. ओकच्या पार्सलसारखंच झालं की.

अवांतर: त्याच वर्षी देवळांत अंडी सापडतात म्हणून गुजरात उच्च न्यायालयात याचिका झाली होती. गेममधली अंडी.

निवांत_नौपाडा

चहा संपला, तरी वाचतोय. आमचा नातू सांगतो की ओकच्या प्रयोगशाळेमागे कुरणं आहेत आणि तिथे ॲशचे ३० बैल चरतात. तीस! तलाठ्याकडे चाळीस वर्षं फायली हाताळल्यात म्हणून विचारतो, ती जमीन कोणाची? गायरान आहे की खासगी? सातबाऱ्यावर ओकचं नाव असेल तर इतर हक्कात काय लिहिलंय?

कोपरीचा_कप्तान

काका, आलात शेवटी!

बैल म्हणजे टॉरस, आणि तीसच. ॲश सफारी झोन नावाच्या राखीव रानात बाकी काही पकडायला गेला आणि प्रत्येक वेळी टॉरसच मध्ये आले. पण तो भाग आपल्यापैकी कुणी तेव्हा बघितलेला नाही. त्यात सफारीचा रखवालदार लोकांवर पिस्तूल रोखतो, म्हणून इंग्रजी डबिंगमध्ये तो भाग पूर्ण वगळला आणि आपलं हिंदी त्यावरूनच आलं. त्यामुळे एक दिवस अचानक ओकच्या अंगणात बैलांचा कळप धावताना दिसला. आम्हाला वाटायचं ओक दूधदुभत्याचा जोडधंदा करतो. बैलांवर, अर्थातच, पण सातवीत एवढा विचार कोण करतं.

सातबाऱ्याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण पारसिकपायथाने पहिल्याच पोस्टमध्ये विचारलं होतं ना, पोट कशावर भरतात. माझा अंदाज, अर्धं गाव ओककडे कामाला असणार. जगभर फिरणाऱ्या पोरांचे पोकेमॉन सांभाळणं हाच तिथला धंदा. चारा, पाणी, कुंपण, औषधपाणी, वर मक नावाचा चिखलाचा गोळा ओकला मिठी मारून बसतो त्याला सोडवणं. ॲशबरोबर फिरलेल्या ट्रेसीला ओक मदतनीस म्हणून ठेवून घेतो ते उगाच नाही.

ऐरोलीची_ताई

हे पटलं. म्हणजे पोरं बाहेर जातात आणि त्यांनी मागे ठेवलेलं सांभाळून गाव जगतं. कोकणातल्या आमच्या घराच्या चाव्या ज्यांच्याकडे असतात त्यांना वाचायला देते.

ॲशचा शेवट बघितला का कुणी? नोव्हेंबर २०२२ मध्ये जगज्जेता झाला, मार्च २०२३ मध्ये त्याचे भाग संपले. एवढा जगज्जेता होऊन परत आला ते घरीच. गावात मिरवणूक नाही, फलक नाही. आपल्याकडे दहावीला नव्वद टक्के मिळाले तरी नगरसेवकासकट चौकात फोटो लागतो! आणि शेवटी निघालाच पुन्हा.

आता कामाचा प्रश्न. मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्याला नवीन मालिका आवडते पण पॅलेट माहीत नाही. कुठला गेम द्यावा? मोबाइल सोडून सांगा.

कोपरीचा_कप्तान

ताई, घरात निन्टेंडोचं स्विच हे गेमयंत्र असेल तर 'लेट्स गो पिकाचू', २०१८ चा. सुरुवात पॅलेटमधूनच, पिकाचू खांद्यावर बसतो, नऊ वर्षांच्या मुलाला सोपा जातो. नसेल तर जुन्या गेमबॉय ॲडव्हान्सवरचा 'फायर रेड', रंगीत आहे आणि बांध, पार्सल, गृहस्थ सगळं जागच्या जागी.

१९९६-९८ च्या मूळ काडतुसांच्या भानगडीत पडू नका. त्यात खेळ जपून ठेवायला आत नाण्याएवढी बॅटरी असते. ती आतापर्यंत मेलेली असते किंवा मरणार असते, आणि तिच्याबरोबर सगळी प्रगती पुसली जाते.

पारसिकपायथा

माझं 'रेड' तसंच झालंय. चालू केलं की दर वेळी नवा खेळ, दर वेळी पॅलेट. कुणी बॅटरी बदलून देतं का? दुकानात दिलं तर त्यांनी काडतूस उघडायलाच नकार दिला.

गावठाण_घणसोली

मी बदलतो. डाग द्यायच्या पत्र्याच्या पट्ट्या (टॅब) जोडलेली बॅटरी घ्या, साधी घेऊन चिकटपट्टी लावू नका. रविवारी घणसोली स्टेशनच्या गावाकडच्या बाजूला या, फोन करा, गल्लीत गाडी आणू नका. भुंगासाहेब, कढीपत्त्यावर तीन मिळाल्या. एकीने शिंग काढलं, आजीने झाडू काढला.